उतारवयाची वाट आणि वाटेवरचे पाणी

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त गुरुजी आणि दवाखान्यात परिचारिका म्हणून आयुष्य वेचलेल्या त्यांच्या पत्नी, असे उभयता मागील हिवाळ्यात मुलीकडे अमेरिकेला जाऊन आले. मुलगी ॲरिझोना राज्यात राहते आणि तो मुलूख बव्हंशी वाळवंटी आहे. परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, गुरुजी मोठ्या नवलाने सांगू लागले, "फादर, तिकडची म्हातारी माणसं घर बरोबर घेऊन हिंडतात. मोटारीतच झोपायची खोली, तिथंच शेगडी, तिथंच न्हाणी. नवरा गाडी हाकतो, बायको नकाशा बघते. सहा-सहा महिने माघारी जायचं नाव नाही."

बाई इतका वेळ ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळं आहे त्यांच्याकडं. पण पाणी मात्र मोजूनमापून. भांडी घासताना नळ सुटा ठेवत नाहीत. मला तर बाई आपल्या लातूरचीच आठवण झाली."

बाईंचे हे वाक्य माझ्या मनात राहून गेले. कोरड्या प्रदेशातील प्रवासाचा इतिहास आपण रस्त्यांचा आणि वाहनांचा इतिहास म्हणून लिहितो. परंतु तो मुळात पाण्याचा इतिहास असतो. आणि प्रवासी जेव्हा थकल्या वयाचे असतात, तेव्हा तर वाटेवर त्यांच्यासाठी कोणी पाणी ठेवले होते की नाही, यावरच सारे अवलंबून असते. या दृष्टीने आपल्या नांदेड-लातूरच्या वाटांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले वृद्ध प्रवासी

उतारवयात घर सोडून वाळवंटाच्या कडेने निघालेले दांपत्य आपल्याला, ख्रिस्ती माणसांना, अपरिचित नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे हारान सोडताना अब्राहामाचे वय पंच्याहत्तर होते आणि सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होती. ज्या वयात माणसे अंगणात बाज टाकून नातवंडांची वाट पाहतात, त्या वयात हे दोघे तंबू गुंडाळून निघाले. त्यांच्या प्रवासाचे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. मुक्काम कोठे पडला, हे बहुधा एखाद्या विहिरीवरून किंवा झाडावरून सांगितले आहे. मम्रेच्या झाडांखाली तीन अनोळखी पाहुणे आले, तेव्हा अब्राहामाने भाकरीच्याही आधी गोष्ट काढली ती पाय धुण्यासाठी पाण्याची. बैरशेबाच्या विहिरीवरून तंटा झाला, शपथ झाली आणि त्या शपथेवरूनच गावाला नाव पडले. ज्याने उन्हात प्रवास केला आहे त्यालाच पाणी पुढे करण्याचे मोल कळते, हा या कथांचा धडा आहे.

गुरुजींनी पाहिलेल्या मुलखातही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी पावले आहेत. येशूसंघीय धर्मगुरू युसेबियो किनो यांचा जन्म १६४५ साली उत्तर इटलीतील ट्रेंटजवळ झाला. त्यांना चीनकडे जायचे होते. परंतु चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांच्या वाट्याला मेक्सिको आले. पुढे जवळजवळ पाव शतक त्यांनी त्या वाळवंटात घोड्यावरून प्रवास केला, नकाशे काढले, गहू आणि गुरे तेथील लोकांपर्यंत पोचविली. ज्या वाटेला पुढे लोकांनी 'सैतानाची वाट' असे नाव दिले, ती त्यांनी खडकांतल्या नैसर्गिक कुंडांच्या आधाराने पार केली. टुसॉन शहराजवळ १६९२ साली त्यांनी ज्या मिशनची सुरुवात केली, त्याला त्यांनी संत फ्रान्सिस झेविअर यांचे नाव दिले. ज्यांचे पार्थिव आपल्या जुन्या गोव्यात आहे, तेच हे संत. त्या गावाचे मूळ नाव 'बाक'. वाळूत गुप्त झालेली नदी जेथे पुन्हा वर येते, ते ठिकाण असा त्याचा अर्थ स्थानिक ओओधम लोकांच्या भाषेत होतो. संताचे नाव आणि पाण्याचे नाव असे एकत्र आले आणि तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. फादर किनो १७११ साली त्याच मुलखात निवर्तले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली त्यांना 'पूजनीय' म्हणून घोषित केले.

चाकांवरची घरे

आज त्याच वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे एक गाव आहे. कायमची वस्ती दोन-तीन हजारांची; परंतु हिवाळ्यात तेथे लाखो माणसे येऊन जातात. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की वृद्ध दांपत्ये आपली मोटारघरे घेऊन दक्षिणेकडे सरकतात. गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या काळात ठरावीक शुल्क भरून मुक्काम करता येतो. मोकळ्या माळावर गाड्या उभ्या राहतात आणि ज्याच्या-त्याच्या टाकीत मावेल तेवढेच पाणी. टाकी संपली की भरून आणायची. गावात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची कबर आहे. कोरड्या प्रदेशात ओझी वाहण्यासाठी अमेरिकी लष्कराने १८५६ साली उंट आणले, त्यांच्याबरोबर हा मनुष्य पूर्वेकडून आला आणि १९०२ साली तेथेच वारला. त्याच्या कबरीवर दगडांचा पिरॅमिड आणि शिखरावर धातूचा उंट आहे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जेसिका ब्रूडर या पत्रकार स्त्रीने २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरचा चित्रपटही पुढे गाजला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर घर गमावलेली किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर घर ठेवणे न परवडणारी कित्येक वृद्ध माणसे गाडीतच राहू लागली आणि हंगामी मजुरी करीत गावोगाव फिरू लागली, असे त्यातून दिसते. त्यांतील काही माणसे शरद ऋतूत उत्तरेकडे बीटच्या हंगामावर जातात. हे बीट साखर कारखान्यांसाठी असते. साखरेच्या हंगामावर जोडप्याने जाणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आपल्या वाटा

आपला मराठवाडा वाळवंट नव्हे. टुसॉनला वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. लातूरची सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात आहे. तरीही येथला प्रवासी शतकानुशतके पाण्याच्या हिशेबानेच चालला. काळा पाषाण पाणी धरून ठेवत नाही, आणि पाऊस चार महिन्यांत येतो तो येतो, नाही तर पाठ फिरवितो.

या वाटा फार जुन्या आहेत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तेथील माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब प्रदेशातून भडोच बंदराकडे जात असे. पुढे राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. त्याच राष्ट्रकूटांच्या काळात नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे मोठा तलाव बांधला गेला. त्याला जगत्तुंग समुद्र असे नाव आहे. एका तलावाला समुद्र म्हणावे, यातच या भूमीची तहान दिसते.

सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याकडे जात असे. धान्य आणि मीठ वाहून नेणारे हजारो बैलांचे तांडे त्याने पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे, असे त्याने नोंदविले आहे. बंजारा समाजाच्या या तांड्यांत बायका, मुले, म्हातारी माणसे सारीच असत. त्यांना घर असे वेगळे नव्हतेच. तांडा कोठे उतरणार, हे ओढ्याचे पाणी ठरवी.

जे तांड्याबरोबर नव्हते, त्यांच्यासाठी बारवा, धर्मशाळा आणि पाणपोया होत्या. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. हे गाव मराठवाड्याच्या शिवेला लागूनच आहे. त्यांनी देशभर ज्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांतून पुढच्या कित्येक पिढ्यांच्या वृद्ध यात्रेकरूंची सोय झाली. राज्ये गेली, परंतु पायऱ्यांच्या बारवा अद्याप जागोजागी उभ्या आहेत. दुःख एवढेच की, त्यांतील कित्येकींत आज पाण्याऐवजी कचरा आहे.

छोटी गाडी

लातूरच्या म्हाताऱ्या माणसांना दूरचा प्रवास खऱ्या अर्थाने सुलभ झाला तो बार्शी लाइट रेल्वेमुळे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने केवळ अडीच फूट रुंदीचा रूळमार्ग उभारला. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. ज्या आजोबा-आजींना वारीची पायपीट झेपत नव्हती, ती आता भाकरीचे गाठोडे घेऊन डब्यात बसू लागली.

या गाडीने मीही गुरुकुलात शिकत असताना प्रवास केला आहे. ती इतकी रमतगमत जाई की, घाटात तरुण पोरे उतरून तिच्याबरोबर चालत. एका स्थानकावरचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. एक म्हातारी तांब्या घेऊन नळाकडे गेली होती आणि तिचे यजमान एक पाय पायरीवर, एक पाय फलाटावर ठेवून उभे होते. गाडीने शिटी दिली तशी ते ओरडू लागले, "अगं, राहू दे पाणी!" ती मात्र तांब्या काठोकाठ भरल्याखेरीज हलली नाही. गार्डाने हिरवे निशाण खाली केले आणि ती डब्यात चढेपर्यंत गाडी थांबविली. आम्ही सारे हसलो. परंतु तो तांब्या पुढे डब्यातील पाच-सहा जणांच्या ओठांना लागला, त्यांत मीही एक होतो.

पुढे हा मार्ग रुंद झाला. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात याच मार्गाने इतिहासाने आपल्याला एक धक्का दिला. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहरात पाण्यावरून दंगे होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे ती लातुरात पोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली आणि त्या खेपा ऑगस्टपर्यंत चालू राहिल्या. ज्या वाटेने आमचे आजे-पणजे तांब्या घेऊन बाहेर पडत, त्याच वाटेने आता पाणीच प्रवास करून घरी बसलेल्यांकडे आले. टुसॉनलाही कोलोराडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने येते; पण तो वाळवंटाचा नाइलाज आहे. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडूनही ही पाळी आली. त्यात अवर्षणाचा दोष होता, तसा धरणाखाली बेसुमार वाढलेल्या उसाचाही होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

यात्रेची माणुसकी

पाणी ठेवणारे हात पाहायचे असतील तर नांदेडला जावे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली येथे आले आणि त्याच वर्षी येथेच त्यांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. आज पंजाबातील किती तरी वृद्ध दांपत्ये सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून येथे येतात. शेती मुलांच्या हाती दिली, नोकरी संपली, आता एकदा हजूर साहिब, अशी त्यांची भावना असते. अमृतसरहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये वाटेतील स्थानकांवर शीख सेवेकरी प्रवाशांना विनामूल्य लंगर वाढतात; कोण कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नाही. गुरुद्वारात दररोज गोदावरीचे पाणी गागरीत भरून पायी आणण्याची जुनी प्रथा आहे. थकलेल्या प्रवाशाला अन्नपाणी देणे ही भक्तीच आहे, हे आपण या शेजाऱ्यांकडून शिकावे.

आपल्या लोकांचीही यात्रा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगाव येथे १९४९ पासून सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, मतमाउलीची यात्रा भरते. जुनी मंडळी सांगतात की, पूर्वी मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जोडून निघत. गाडीवर तट्ट्याचे छत, तळाशी कडबा, त्यावर वाकळ, दांडीला कंदील आणि मागे बांधलेली पाण्याची घागर. आजी-आजोबांची जागा गाडीच्या मध्यभागी, जेथे धक्के कमी बसतात. तीही चाकांवरची घरेच होती. आणि संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादच्या परिसरात आले, तेव्हा मिस्साबलीच्या साहित्याची पेटी घेऊन ते असेच गावोगाव फिरले. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्याच वस्तीत ते उतरत. त्या वस्तीने त्यांच्यापुढे धरलेला पाण्याचा तांब्या हा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक मोठा क्षण आहे, असे मी मानतो. ज्यांना पाणी नाकारले गेले होते, त्यांनीच परक्याला पाणी दिले.

कोयता आणि मागे राहिलेले

आता साखरेकडे येतो. दसरा झाला की बीड, लातूर, नांदेड या भागांतील कित्येक गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असे मोजतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव. टायरगाडीवर पत्रे, भांडी, धान्य, कोंबड्या आणि तान्हे मूल घालून संसार निघतो, आणि उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने मांडला जातो.

जरा महिने पाहा. अमेरिकेतील वृद्ध ज्या महिन्यांत मोटारघरे घेऊन उन्हाच्या शोधात वाळवंटात येतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपली तरुण जोडपी पोटाच्या मागे घर सोडतात आणि वृद्ध मागे राहतात. तेथे म्हातारे हिंडतात आणि घराला कुलूप असते. येथे म्हातारेच घराचे कुलूप होऊन बसतात. गुडघ्यांनी साथ सोडली की कोयता खाली ठेवायचा, हीच येथली निवृत्ती. तिला वेतन नाही, निरोपसमारंभ नाही. नातवंडांची शाळा, शेळीचा चारा आणि टँकरच्या रांगेतली घागर एवढे हाती येते. नाताळच्या मध्यरात्री मी वेदीवरून पाहतो तेव्हा काही वस्त्यांच्या बाकांवर केवळ पिकलेली डोकी आणि लहान मुले दिसतात. मधली पिढी फडावर असते. पवित्र कुटुंब बेथलेहेमच्या वाटेवर होते, हे त्या रात्री मला निराळे सांगावे लागत नाही.

या वृद्धांना प्रवासाची हौस नसते, असे समजू नये. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास राज्यात विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे. तेव्हापासून एस.टी.त आजी-आजोबा अधिक दिसू लागले आहेत. कोणी बहिणीला भेटायला निघते, कोणी पंढरपूरला, कोणी हरेगावला. वाहन मिळाले, परंतु स्थानकावर उतरल्यावर सावली आणि स्वच्छ पाण्याचा पेला मिळेलच, याची खात्री कोणी द्यायची? बाटली विकत घ्यावी तर वीस रुपयांचा हिशेब मनात होतो आणि म्हातारी तहान दाबून बसते. पूर्वी वाहन नव्हते, पण पाणपोई होती. आज वाहन आहे आणि पाणपोईचा दगडी कट्टा मोडून तेथे दुकान झाले आहे.

अब्राहामाच्या प्रवासाचा शेवट शास्त्रात मोठा हृद्य आहे. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन वारली. आयुष्यभर तंबूत राहिलेल्या त्या नवऱ्याने तेव्हा चारशे शेकेल रुपे मोजून मखपेलाची गुहा विकत घेतली. वचन सगळ्या देशाचे होते. हाती आलेली पहिली जमीन मात्र सहचारिणीच्या कबरीपुरती होती. सगळा प्रवास ज्यांनी जोडीने केला, त्यांच्यापैकी एकाला शेवटचा टप्पा एकट्याने चालावा लागतो. तेव्हा सोबतीला गाव लागते, धर्मग्राम लागते.

म्हणून आम्ही या वर्षी दोन लहान गोष्टी ठरविल्या आहेत. चर्चच्या फाटकाशी, निंबाखाली, उन्हाळाभर पाण्याचे दोन माठ ठेवायचे. आणि सप्टेंबरात, ज्यांची मुले वर्षाचे सहा महिने बाहेर असतात अशा वृद्धांना सोबत देऊन हरेगावला नेऊन आणायचे. गुरुजींनी नावांची यादी करायला घेतली आहे. माठांचे काम बाईंनी मागून घेतले. त्या म्हणाल्या, "भरायचं मी बघते, फादर. तुम्ही फक्त झाकण आणि ओगराळं चोरीला जाणार नाही तेवढं बघा."